मित्रांच्या स्मरणार्थ बचाव स्वयंसेवकांसाठी निधी : द्यावा कोणाला आणि कसा?

तापीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. गेल्या पावसाळ्यात सातपुड्यातील एका धबधब्याच्या कुंडात आमचे दोन मित्र बुडाले. शोधकार्यात पायथ्याच्या पाड्यावरील माणसे होती, जिल्ह्यातील एका गिर्यारोहण संस्थेचे स्वयंसेवक होते आणि नंतर धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचे पथकही आले. शासकीय पथक सोडले तर बाकी सर्व जण आपापली कामे टाकून, स्वतःच्या गाडीत स्वतःचे पेट्रोल घालून आलेले होते. आम्ही नंतर पैसे देऊ केले तेव्हा त्यांनी ते घेतले नाहीत.

आता वर्षश्राद्ध जवळ आले आहे. जळगाव, भुसावळ आणि चोपडा येथील आमच्या महाविद्यालयीन गटाने दोघांच्या स्मरणार्थ निधी जमवून तो अशा स्वयंसेवकांसाठी वापरायचे ठरवले आहे. लळिंग किल्ल्यावर स्मृतिपदभ्रमण ठेवून प्रवेशवर्गणी घ्यावी, असे काहींचे मत आहे. काहींना थेट ऑनलाइन आवाहन करावेसे वाटते. लाखभर रुपये जमतील असा अंदाज आहे. प्रश्न असा की हा निधी सह्याद्रीतील एखाद्या नावाजलेल्या पथकाला द्यावा, जिल्ह्यातील संस्थेला द्यावा, की स्वतःचा न्यास काढावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

खडकवाट

दोघांनाही श्रद्धांजली. धागा महत्त्वाचा आहे, वाचत आहे.

दोरखंड

मी अशाच एका पथकात काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

देणगी देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा कड्यावरून दोराने उतरणारा माणूस असतो आणि त्यामुळे दोर, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) या वस्तू लोक आनंदाने देतात. या वस्तू लागतातच. परंतु खानदेशात आम्हाला बोलावणे येते ते बहुतेक वेळा पाण्यासाठी. धबधब्याखालच्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की ते पाणी माणसाला नेहमीप्रमाणे उचलून धरत नाही, आणि पडणाऱ्या धारेमुळे तयार झालेला भोवरा वर आलेल्याला पुन्हा धारेखाली ओढतो. तापीत लहानपणापासून पोहणारा तरुणही तेथे फसतो तो यामुळे. अशा ठिकाणी उपयोगी पडते ती काठावरून फेकण्याची दोराची पिशवी, म्हणजे थ्रो-बॅग. तिच्यातला दोर तरंगणारा असावा लागतो. तिची किंमत गिर्यारोहणाच्या साहित्यापुढे किरकोळ असते, पण देणगीदारांच्या यादीत ती मला क्वचितच दिसली आहे.

त्याखालोखाल पैसे लागतात ते न दिसणाऱ्या गोष्टींना. रात्री अकराला फोन आल्यावर निघणाऱ्या दोन गाड्यांचे इंधन, चिखलात गेलेल्या साहित्याची धुलाई, बॅटऱ्या, प्रथमोपचाराचे साहित्य, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वयंसेवकांचा विमा. वैयक्तिक अपघात विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये साहसी उपक्रम वगळलेले असतात आणि ते वाक्य बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर असते. दुसऱ्याला वाचवायला उतरलेल्या मुलाच्या घरच्यांना तो कागद अपघातानंतर वाचावा लागू नये. सामूहिक विम्याचा हप्ता दरवर्षी भरावा लागतो, त्यामुळे एकदाच मिळालेल्या मोठ्या देणगीपेक्षा दरवर्षी येणारी लहान रक्कम आम्हाला अधिक मोलाची वाटते.

सरळमार्गी

भावना समजू शकतो, परंतु मूळ कल्पनेशी असहमत आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला. त्याखाली प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहे, नियंत्रण कक्ष आहे, १०७७ हा क्रमांक आहे. ‘आपदा मित्र’ योजनेत स्थानिक स्वयंसेवकांना प्रशिक्षण, साहित्य आणि विमा देण्याची तरतूद आहे. हे सर्व आपल्या करांतून चालते. आपण वर्गणी गोळा करून साहित्य विकत घेतले की शासनाची जबाबदारी तितकीच हलकी होते, आणि पुढील अर्थसंकल्पात कोणी त्याची आठवणही काढत नाही. दोघा मित्रांच्या नावाने काही करायचेच असेल, तर प्रत्येक तालुक्यात किती आपदा मित्र प्रशिक्षित आहेत आणि त्यांचे साहित्य कोठे ठेवलेले आहे, असा माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्याला दहा रुपये लागतात.

कळण्याची_भाकरी

दहा रुपयांचा निधी मी आत्ताच जाहीर करतो.

पाड्यावरचा_मास्तर

सरळमार्गी यांचा मुद्दा चुकीचा नाही, पण त्यात अंतराचा हिशेब नाही. मी धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. धुळ्याहून शहादामार्गे येथे पोहोचायला तीन-चार तास लागतात, आणि पावसाळ्यात घाटात दरड आली तर तेही सांगता येत नाही. बुडालेल्या माणसाला मिनिटांचा अवधी असतो. कोणतेही पथक, शासकीय असो वा खाजगी, ते येईपर्यंत जे घडायचे ते घडून गेलेले असते. त्या वेळात तेथे असतात ती पाड्यावरची माणसे.

त्यांच्याकडे काय असते ते सांगतो. एक जाड बांबू, एक गोधडी किंवा चादर आणि खांदा द्यायला चार जण. या झोळीतून ते बाळंतिणीला, सर्पदंश झालेल्याला आणि कड्यावरून पडलेल्या पर्यटकालाही रस्त्यापर्यंत आणतात. वर्तमानपत्रे त्याला ‘बांबुलन्स’ म्हणून मोकळी होतात. झोळीत माणसाची पाठ वाकते. मणक्याला मार लागलेला असेल तर त्या प्रवासातच अधिक हानी होऊ शकते, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही आणि सांगितले तरी हातात दुसरे काही दिलेले नाही. दुमडणारे एक कडक स्ट्रेचर पाड्याच्या शाळेत किंवा आरोग्य उपकेंद्रात ठेवले, तर ते पर्यटकांच्या कामी वर्षातून एखादवेळी येईल आणि गावाच्या कामी दर महिन्याला.

दोरखंड

मास्तर सरांना पूर्ण अनुमोदन. प्रशिक्षणाबाबत एक भर घालतो. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर त्याला उलटे धरणे, पोट दाबून पाणी काढणे, गोल फिरवणे हे प्रकार अजूनही सर्रास होतात आणि त्यांत मौल्यवान मिनिटे जातात. श्वास थांबलेला असेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे एवढेच करायचे असते. हे शिकवायला एक दुपार, सरावाचा एक पुतळा आणि स्थानिक बोलीत बोलू शकणारा प्रशिक्षक पुरतो.

निवृत्त_रोखपाल

आता थोडे रुक्ष बोलतो, कारण अशा उपक्रमांत भावनेचा भाग सुरळीत पार पडतो आणि भांडणे पावतीवरून होतात.

तुमचा गट नोंदणीकृत नाही. धर्मादाय कारणासाठी जनतेकडून पैसे जमवायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळे घेतात तीच. आपसांत मित्रांनी पैसे काढणे वेगळे आणि क्यूआर कोड सर्वत्र फिरवणे वेगळे. तो कोड कोणा एकाच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर कृपया आजच थांबवा. त्या मित्राच्या खात्यात आलेली प्रत्येक रक्कम उद्या त्यालाच समजावून सांगावी लागेल.

नवा न्यास काढण्याच्या मी विरोधात आहे. नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण, विश्वस्तांचे फेरफार अर्ज यांतच तुमचा उत्साह संपेल. आधीपासून नोंदणी असलेली आणि देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी, ‘८० जी’ म्हणून ओळखली जाणारी मान्यता असलेली संस्था निवडा आणि निर्धारित हेतूने देणगी द्या, म्हणजे ‘ही रक्कम केवळ अमुक कामासाठी’ असे पत्र सोबत जोडा. देणगीदारांना दोन गोष्टी आधीच सांगा : २,००० रुपयांवरील देणगी रोखीने दिली तर वजावट मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ही वजावट मुळातच नाही. नंतर कोणी म्हणायला नको की फसवले. आपल्या भागातील माणसाने पतसंस्थांचे चटके सोसलेले आहेत. तो पावती मागणारच, आणि त्याने मागावीच.

कळण्याची_भाकरी

रोखपाल आप्पांनी वातावरण फारच कोरडे केले, म्हणून एक सूचना. लळिंगला चढायला पन्नास जण येतील, त्यांतले वीस अर्ध्यातून परततील. त्याऐवजी एखाद्या मळ्यात भरताचे जेवण ठेवा. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी भांड्यात ठेचलेले भरीत, कळण्याची भाकरी आणि वर कांद्याची पात. कुपन लावा. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ते कधीतरी समाजाच्या उपयोगी पडू द्या.

अंजनीकाकू

कल्पना उत्तम आहे, पण वर्षश्राद्ध पावसाळ्यात येते. चातुर्मासात अनेक घरांत वांगे खात नाहीत, हे विसरलात काय? माझ्याच घरातील निम्मी माणसे येणार नाहीत. शिवाय पावसाळ्यातल्या वांग्याला भरताची चव नसते. चंपाषष्ठीनंतरचा रविवार धरा. तोपर्यंत नवे वांगे आलेले असेल, थंडी पडलेली असेल आणि लोक आपणहून मळ्याकडे वळलेले असतील.

दोरखंड

काकूंनी सांगितलेली तारीख आमच्याही सोयीची आहे. मार्गशीर्षात पैसे हाती आले, तर हिवाळ्यात साहित्य येते, उन्हाळ्यात कुंडांतले पाणी उतरलेले असताना तळ, कपारी आणि उतरण्याच्या जागा पाहून ठेवता येतात, आणि पहिल्या पावसाआधी पाड्यांवरचे प्रशिक्षण पूर्ण होते. जुलैमध्ये मिळालेला पैसा त्या वर्षी फारसा कामाचा नसतो.

धुकट_डोंगर

मी मूळ अमळनेरचा, सध्या उत्तर इंग्लंडमध्ये असतो. येथील लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत बचावाचे काम करणारी पथके स्वयंसेवकांची आहेत. पोलिसांकडून बोलावणे येते, पण पथकाचा खर्च प्रामुख्याने देणग्यांवर चालतो आणि वाचवलेल्या माणसाकडून शुल्क घेतले जात नाही. कोणी वारले की अंत्यविधीच्या निमंत्रणात ‘फुले आणू नयेत, त्याऐवजी अमुक पथकाला देणगी द्यावी’ असे लिहिण्याची येथे पद्धत आहे. मृत्यू डोंगरावर झालेला असावा लागत नाही. आयुष्यभर त्या डोंगरांत फिरलेला माणूस घरी अंथरुणावर गेला, तरी त्याच्या नावाने पैसे पथकाकडे जातात. स्वित्झर्लंडमध्ये १९५२ साली सुरू झालेली रेगा ही हवाई बचाव संस्था तर वार्षिक वर्गणी देणाऱ्या लाखो सामान्य नागरिकांच्या आधारावर उभी आहे.

सरळमार्गी यांच्या आक्षेपावर म्हणून इतकेच सांगेन की या देशांत शासन दुबळे नाही, तरीही डोंगरातील बचाव लोकांनी आपल्याकडे ठेवला आहे. मीही रक्कम पाठवू इच्छितो.

निवृत्त_रोखपाल

धुकट_डोंगर, आपला पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे स्वतःच्या बचतीतील असतील तर अडचण नाही. ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र ते परकीय अंशदान, म्हणजे परदेशी देणगी, ठरते आणि २०१० च्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या संस्थेला ते स्वीकारता येत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते ते) असले तरी हाच नियम. उत्साहाच्या भरात पाठवून संस्थेला नोटीस आणू नका.

धुकट_डोंगर

पासपोर्ट अद्याप भारतीयच आहे. आई वर्षातून दोनदा तपासते.

मोकळं_रान

माझ्या काकांकडे विहिरीतील मोटार सोडण्याचा नायलॉनचा शंभर-दीडशे फूट दोर पडून आहे, चांगला जाड आहे. तो देणगी म्हणून चालेल का?

दोरखंड

आपल्या भावनेचा आदर आहे, परंतु नाही. वापरलेला दोर आम्ही कोणाकडूनही घेत नाही, गिर्यारोहकाकडूनही नाही, कारण त्याचा इतिहास आम्हाला ठाऊक नसतो. नायलॉनला आम्लाचे वावडे असते. गाडीच्या डिकीत बॅटरीशेजारी ठेवलेला दोर वरून नवा दिसतो आणि आतून गेलेला असू शकतो.

आमच्याकडे प्रत्येक दोराची वही असते. मोहिमेहून आल्यावर तो साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवतात आणि मग एक जण डोळे मिटून, उघड्या बोटांतून तो पूर्ण लांबीभर सरकवत जातो. वरचे विणलेले आवरण शाबूत असताना आतला गाभा तुटलेला असेल, तर त्या जागी दोर मऊ पडतो आणि तेथे वाकवला तर चिमटीत चपटा होतो. घर्षणाने तापलेली जागा काचेसारखी गुळगुळीत लागते. अशी जागा सापडली की तेथे दोर कापतात आणि वहीत नोंद होते. वापरला नाही तरी दोराचे आयुष्य मर्यादित असते. बहुतेक उत्पादक ते जास्तीत जास्त दहा वर्षे सांगतात. म्हणून निधीतून एकदम खूप दोर घेऊन ठेवण्यात अर्थ नाही.

काकांचा दोर त्यांच्या मोटारीसाठीच राहू द्या.

वाघूरवासी

कुंडाच्या काठी खांब रोवून त्यावर थ्रो-बॅग आणि बुडणाऱ्याला धरता येईल असे तरंगणारे गोल कडे कायमचे टांगून ठेवता येणार नाही का? सोबत दोघा मित्रांच्या नावाची पाटी लावता येईल. येणाऱ्या प्रत्येकाला धोका कळेल.

खडकवाट

कडे पहिल्याच रविवारी कोणाच्या तरी शेततळ्यात पोहायला जाईल आणि दोर बैलाच्या गळ्यात सापडेल.

पाड्यावरचा_मास्तर

खडकवाट भाऊंचा विनोद खरा ठरू शकतो, पण चोरी हे एकमेव कारण नाही. आपली बहुतेक धबधब्यांची ठिकाणे वनक्षेत्रात आहेत आणि यावल किंवा गौताळा यांसारख्या अभयारण्यांत तर वनविभागाच्या परवानगीशिवाय खांब रोवता येणार नाही. साहित्य पाड्यावर एका ठरलेल्या घरी ठेवावे. त्या घराला त्याची काळजी घेण्याचे मानधन द्यावे, आणि त्या घराचा फोन क्रमांक वनरक्षकाकडे, पोलीस पाटलाकडे व नियंत्रण कक्षात असावा.

गिरणाई

इतका वेळ लिहू की नको, या विचारात होते. काही वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ पाटणादेवीच्या बाजूच्या डोंगरात मधमाश्यांच्या हल्ल्यानंतर धावताना पडून गेला. त्यानंतर त्याच्या मित्रांनीही असाच निधी जमवला होता. हेतू निर्मळ होता. परंतु चौकात फ्लेक्स लागला, त्यावर भावाचे हसरे छायाचित्र, खाली आयोजकांची आणि दोन स्थानिक नेत्यांची छायाचित्रे, आणि बाजूला वर्गणीचा क्रमांक. माझी आई त्या चौकातून भाजी आणायला जात असे. तिने वाट बदलली.

तुम्हा सर्वांना विनंती आहे की दोन्ही घरांना आधी विचारा, आणि दोन्ही घरांचे उत्तर सारखेच असेल असे धरू नका. एका आईला मुलाचे नाव प्रत्येक हेल्मेटवर हवेसे वाटेल, दुसरीला कोठेच नको असेल. दोन्ही रास्त आहे.

आणखी एक. आमच्याकडे ज्या गावकऱ्यांनी भावाला उचलून खाली आणले, त्यांतील एका आजोबांना माझे वडील पैसे द्यायला गेले. ते अहिराणीत म्हणाले, “आम्ही काय पैसासाठे उनूत का?” वडील खजील झाले. नंतर आम्हाला कळले की त्या दोन दिवसांत त्यांची मजुरी बुडाली होती, आणि जबाब देण्यासाठी पोलीस ठाण्याला हेलपाटे घालताना गेली ती वेगळीच. त्यांना बक्षीस नको होते, पण बुडालेली मजुरी भरून देण्याची काही रीत असती, तर त्यांनी ती नाकारली नसती असे मला वाटते. तुमच्या निधीत त्यासाठी जागा ठेवता येईल का?

दोरखंड

गिरणाई ताई, हे आमच्या संस्थेच्या बैठकीत कोणी मांडले नव्हते, मी पुढच्या बैठकीत मांडतो. मधमाश्यांबाबत येथेच लिहून ठेवतो, कारण हा धागा पुढे ट्रेकला जाणारेही वाचतील : कपारीतील पोळ्यांजवळ धूर, उग्र अत्तर आणि आरडाओरड टाळावी.

सरळमार्गी

मी माझ्या मतावर कायम आहे, पण मजुरीचा मुद्दा ऐकून एक पुस्ती जोडतो. शासकीय पथकातील जवानाला त्या दिवसाचा पगार मिळतो, आपदा मित्राला निदान विमा मिळतो. पाड्यावरील माणसाच्या नावाची तर कोठे नोंदही नसते. तेव्हा निधीतून जे प्रशिक्षण होईल, त्यातील गावकऱ्यांची नावे आपदा मित्र म्हणून नोंदवावीत, असा अर्ज जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे त्याच दिवशी द्यावा. अर्जाचा मसुदा मी लिहून देतो. पैसे तुमचे, पाठपुरावा माझा.

कळण्याची_भाकरी

सरळमार्गी सरांना भरताचे पहिले कुपन मोफत.

सरळमार्गी

मी विकत घेईन. पावती द्या.

तापीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल आमच्या गटाची बैठक झाली, आणि त्याआधी आम्ही दोन्ही घरी जाऊन आलो. एका घराने नाव वापरण्यास संमती दिली आहे. दुसऱ्या घराने निधीला संमती दिली, पण नाव व छायाचित्र कोठेही नको असे सांगितले. त्यामुळे निधीला कोणाचेच नाव असणार नाही आणि फ्लेक्स लागणार नाही. देणगीदारांना पत्रातून कारण सांगू.

न्यास काढणार नाही. रक्कम जिल्ह्यातील त्याच नोंदणीकृत संस्थेकडे निर्धारित हेतूने जाईल. सह्याद्रीतील पथकांविषयी आदर आहे, पण त्यांच्याकडे निदान मुंबई-पुण्याचे देणगीदार तरी आहेत, आपल्या पाड्यांकडे तेही नाहीत. वैयक्तिक क्यूआर कोड बंद केला आहे. वर्षश्राद्धाला केवळ मित्रमंडळी जमतील आणि भरताचे जेवण चंपाषष्ठीनंतरच्या रविवारी होईल. त्याची कुपनेही संस्थेच्याच पावतीपुस्तकावर निघतील.

खर्चात पहिला क्रमांक विम्याच्या हप्त्याचा, त्यानंतर पाच पाड्यांसाठी थ्रो-बॅग व प्रत्येकी एक स्ट्रेचर, आणि उरलेल्यातून प्रशिक्षण. बुडालेल्या मजुरीसाठी काही रक्कम वेगळी ठेवावी याबद्दल एकमत आहे, परंतु ती कोणी व कशाच्या आधारे द्यायची यावर आमच्यात बराच वाद झाला. सरपंचाने द्यावी असे एकाचे म्हणणे, संस्थेने द्यावी असे दुसऱ्याचे. मास्तर सर, आपला अनुभव काय सांगतो?

पाड्यावरचा_मास्तर

सरपंच नको, गावात दोन तट पडतील. ज्या घरी साहित्य ठेवाल त्याच घरी एक साधी वही ठेवा. त्या दिवशी कोण कोण आले ते तेथेच लिहून घ्यावे, शाळेच्या शिक्षकाने खाली सही करावी, आणि रोजगार हमीच्या चालू दराने रक्कम थेट ज्याच्या त्याच्या बँक खात्यात जावी. सही करायला आमच्या केंद्रातील शिक्षक तयार आहेत, मी आज विचारून घेतले.

निवृत्त_रोखपाल

वहीला पृष्ठक्रमांक घाला.